आजोबांच्या फोटोतली मोटार

बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या जुन्या घरासमोर काढलेल्या एका कृष्णधवल फोटोत आजोबा फूटबोर्डावर एक पाय ठेवून उभे आहेत. ती गाडी शेवरलेट होती, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. रेडिएटरवरची खूण पाहावी तर तिच्यापुढे नेमके धाकट्या चुलतआजोबांचे डोके आलेले असल्यामुळे शेवरलेटचा धनुष्याकृती बिल्ला की फोर्डचा लंबगोल, हे कळायला मार्ग नव्हता.

शेवटी भिंग घेऊन बसलो. आधी चाके पाहिली. 1908 ते 1927 या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीला बहुधा लाकडी आऱ्या असत. इथे तारांच्या आऱ्या होत्या, पण त्या अनेक गाड्यांना असल्याने तेवढ्यावर निकाल देणे धाडसाचे ठरले असते. मग समोरच्या काचेच्या अगदी पुढे, बॉनेट संपते तिथे मधोमध, एक छोटे गोल झाकण दिसले. 1927 च्या अखेरीस आलेल्या मॉडेल एमध्ये पेट्रोलची टाकी डॅशबोर्डाच्या पुढेच असे आणि पेट्रोल तिथूनच वरून ओतत. म्हणजे गाडी फोर्डच!

नंबरपाटीचा या कामी उपयोग नाही. तिच्यावरून फार तर नोंदणी कुठली ते कळते. आमच्या भागात तेही जपून वाचावे लागते, कारण 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते आणि नंतर म्हैसूर राज्यात गेले.

काकांना हे सांगितले, तर ते म्हणाले, “असेल बाबा, पण आमच्यासाठी ती शेवरलेटच.”