ओसाड कुठंय?

अंधेरीच्या स्टुडिओत सॅम ह्यूस्टन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी सेनानी-राजकारण्यावरच्या माहितीपटाचं मराठी रेकॉर्डिंग चाललं होतं. भाषांतर माझं, आवाज एका ज्येष्ठ नाट्यकलावंताचा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. जेवणानंतर तिसऱ्याच ओळीला ते अडले.

"अगं, 'ओसाड सरहद्दीवर वाढलेला पोरगा' म्हणतेस आणि पुढच्याच वाक्यात हा १६व्या वर्षी घर सोडून चेरोकींकडे राहायला जातो. मग ओसाड कुठंय?"

मी गप्प. हे १८०९चं टेनेसी. चेरोकी म्हणजे तिथले मूळ रहिवासी; त्यांची तिथे गावं होती, शेती होती. ओलूतेका नावाच्या प्रमुखानं ह्यूस्टनला मुलगा मानलं होतं. 'ओसाड' मूळ संहितेतही नव्हतं. ते माझ्या हातून आपसूक पडलं होतं. 'चेरोकींच्या मुलखालगत' केलं तर वाक्य लांबलं आणि रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून घड्याळ दाखवलं. मग 'शूर' आणि 'धाडसी' उडवले.

चेरोकींनी त्याला दिलेलं नाव कालानू. मी सरळ 'कावळा' लिहिलेलं. काका हसत सुटले. "हा काय पिंडाला शिवायला आलाय?" अचूक म्हणाल तर डोमकावळा, पण हा माणूस पुढे टेनेसीचा गव्हर्नर होतो, १८३६मध्ये मेक्सिकोविरुद्ध सॅन हॅसिंटोची लढाई सुमारे १८ मिनिटांत जिंकतो, टेक्सास प्रजासत्ताकाचा दोनदा अध्यक्ष होतो. दर वेळी डोमकावळा कुठं म्हणत बसायचं? कालानूच ठेवलं.

संध्याकाळी शेवटचा प्रसंग आला. १६ मार्च १८६१, ऑस्टिन. टेक्सास अमेरिकी संघराज्यातून फुटलेलं आणि आता तिथला गव्हर्नर असलेल्या ह्यूस्टननं कॉन्फेडरसीशी, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाशी, निष्ठेची शपथ घ्यायची होती. स्वतः गुलाम बाळगणारा माणूस, पण संघराज्य मोडायला त्याचा ठाम विरोध. (ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी हवीत, यावर मी अडून बसले.) वर सभागृहात त्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. तो म्हणे खाली तळघरात चाकूनं लाकूड तासत बसला होता. गव्हर्नरपद गेलं.

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर पडद्यावर चार सेकंद नुसती शांतता होती. तिथे मी घातलं होतं, 'पण तो डगमगला नाही.'

काकांनी चष्मा काढला. "हे मी नाही वाचणार. चाकू ऐकू दे."

मी ओळ खोडली. त्यांनी तीनदा नाव पुकारलं, तिसऱ्यांदा किंचित हळू. मग हेडफोनमध्ये लाकडाची साल निघाल्याचा बारीकसा आवाज तेवढा आला.

"ओके," रेकॉर्डिस्ट म्हणाला, "पुढची रीळ."