पान ११२

पान ११२ वरचं ते वाक्य मी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा मला ते बरोबर वाटलं होतं. व्याकरण चोख, विरामचिन्हं जागच्या जागी, ऱ्हस्व-दीर्घाची एक खूण करायलाही वाव नाही. म्हणून मी पुढे गेले. अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासते आहे. या कामात अशुद्ध वाक्याची भीती नसते, ते डोळ्यांना टोचतंच. घात करतं ते बरोबर दिसणारं वाक्य.

पुस्तक लहानसंच, १४४ पानांचं, म्हणजे सोळा पानांचे नऊ फर्मे. दोन मित्रांची पत्रं. एक निवृत्त पाळक, म्हणजे पाद्री, पुण्याच्या गुरुवार पेठेत पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलेले. दुसरे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर, पक्के बुद्धिवादी. शाळेत दोघं एका बाकावर होते. उतारवयात एकमेकांना बायबलवर पत्रं लिहायला लागले. घरं चालत जाण्याच्या अंतरावर असूनही पोस्टाने. समोरासमोर बोललं की आवाज चढतो, लिहिताना विचार करावा लागतो, असं सरांनी प्रस्तावनेत लिहिलंय. १८५७ साली मुंबईच्या चौपाटीवर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले होते, त्यांचाही तिथे उल्लेख आहे. मराठीला हा वाद नवा नाही. पण वाद घालणाऱ्या दोघांनी मिळून एक पुस्तक काढायचं आणि खर्च निम्मा निम्मा करायचा, हे माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलं.

शेवटच्या प्रुफाच्या दिवशी दोघेही आमच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात जिना चढून आले. पाळकसाहेबांच्या पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक बायबल होतं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये. खिळे जुळवण्यापासूनची कामं तिथल्या बायकांनी केली. “माझी आजी त्यांच्यातली,” पाळकसाहेब म्हणाले. मी हात पुसून ते पुस्तक उघडलं. कागद तपकिरी झालेला, पण खिळ्यांचा दाब पानाच्या मागच्या बाजूला बोटाला अजून लागत होता. कुण्या एका बाईने ते अक्षर न् अक्षर उलटं वाचत जुळवलं होतं. माझ्या कामाची ती आजीच की.

माझी पहिली शंका पान ३७ वर होती. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेत, सत्ताविसाव्या अध्यायात येशूला धरून देणाऱ्या यहूदाने परत फेकलेल्या तीस रुप्यांतून कुंभाराचं शेत विकत घेतात आणि मत्तय म्हणतो, यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेलं असं पूर्ण झालं. मी संदर्भ पडताळून पाहते, सवयच आहे. ते तीस रुपये यिर्मयात सापडेनात; सापडले जखऱ्या या दुसऱ्या संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात. म्हणून समासात लिहिलं होतं, ‘जखऱ्या हवं का?’

पाळकसाहेबांनी ती खूण बराच वेळ पाहिली. “ताई, त्या काळी तुम्ही बायबलच्या हाताने नकला उतरवायला बसला असतात, तर हेच केलं असतं. आणि कुणीतरी केलंही. काही हस्तलिखितांत यिर्मयाच्या जागी जखऱ्या आहे, काहींत नावच गाळलंय. पण जुन्या, भरवशाच्या प्रतींत यिर्मयाच आहे. राहू द्या.”

“म्हणजे मत्तय चुकला,” सर म्हणाले.

“कुंभार आणि शेत यिर्मयात आहे. मत्तयाने दोघांचं एकत्र बांधलं आणि मोठ्याचं नाव लिहिलं.”

“विद्यार्थ्याने अशी तळटीप दिली असती तर मी मार्क कापले असते.”

“काप. पण खोडू नकोस.”

आम्हाला हेच शिकवलेलं असतं. छपाईची चूक सुधारायची, लेखकाची चूक विचारायची. नकलाकाराला विचारायला लेखक समोर नव्हता, तो शेकडो वर्षांपूर्वी गेलेला. भक्तिभावानेच त्याचा हात यिर्मयावर गेला असणार. त्या अनोळखी माणसाविषयी मला त्या क्षणी फार जवळीक वाटली.

मग चहा आला आणि वाद रंगला. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट हा पुस्तकातला सगळ्यात मोठा विषय. चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात महत्त्वाच्या प्रती, एक व्हॅटिकनची आणि दुसरी सिनाय पर्वतावरच्या मठात सापडलेली, दोन्हींत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतो. बायका रिकाम्या कबरेतून थरथरत पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या असतात. बस. ग्रीकमध्ये तर शेवटचा शब्द ‘गार’ आहे, म्हणजे ‘कारण’. ‘कारण’ या शब्दावर संपणारं पुस्तक माझ्याकडे आलं असतं तर मी तडक लेखकाला फोन केला असता, पुढचं पान राहिलंय म्हणून. कुणाला तरी तसंच वाटलं आणि पुढे बारा ओव्या आल्या. आता बऱ्याच छापील बायबलांत त्यांना चौकटी कंस किंवा तळटीप असते.

सरांचा आवाज इथे बदलला. “त्या बारा ओव्यांत काय आहे? विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही. अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातल्या काही मंडळ्यांत त्यावर विसंबून उपासनेत खरे साप हातात घेतात. माणसं मेली आहेत, पाद्रीबुवा. मागाहून जोडलेल्या ओळीपायी.”

पाळकसाहेब लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणूनच कंस हवेत. मी मंडळीला ते कंस दाखवून शिकवलं, तेव्हा दोन कुटुंबं माझ्यावर रागावून दुसऱ्या चर्चला गेली.”

हे पत्रांत नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

इथे मला माझं मत सांगितलंच पाहिजे. सर एका पत्रात म्हणतात, पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतले शब्दांचे फरक, लाखांत आहेत, मग विश्वास कशावर ठेवायचा? जॉन मिल याने १७०७ मध्ये ऑक्सफर्डहून ग्रीक नवा करार काढला, तेव्हाच तीस हजारांच्या आसपास पाठभेद नोंदले होते. आज पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितं हाताशी आहेत. पण हा आकडा मला घाबरवत नाही. माझं कुठलंही प्रूफ बघा, लाल खुणांनी भरलेलं असतं आणि त्यातल्या बहुतेक वेलांटीच्या, उकाराच्या, मागेपुढे झालेल्या शब्दाच्या. अर्थ बदलणाऱ्या मोजक्याच. प्रती जास्त तर फरक जास्त, आणि मूळ शोधायला साधनंही जास्त. उलट, एका अक्षराचाही फरक नाही असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, तर त्याने हाताने केलेली नक्कल कधी पाहिलेली नाही एवढंच मला कळतं.

आणि हे फक्त त्यांच्या ग्रंथांचं नाही. आमच्या घरी माळ आहे, ज्ञानेश्वरी पोथीतून वाचतात. तिच्यात इतके अपपाठ, म्हणजे चुकीचे शब्द, शिरले होते की एकनाथांना शके १५०६ मध्ये प्रती जमवून ती शुद्ध करावी लागली. आणि यात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजा, असं त्यांनी बजावून ठेवलं. नाथ मला तेव्हापासून आमच्या कामाचे दैवत वाटतात.

पाळकसाहेबांनी नेमका पुण्याचाच दाखला काढला. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला सुरू झाली, १९६६ ला पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं ताडून. “तिचे संपादक सुकथनकर, त्यांनी गणपती महाभारत लिहायला बसला ती गोष्ट मूळ पाठातून काढून परिशिष्टात घातली. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झालं. पुण्यात गणपती बसायचे थांबले का?”

“हाच तर माझा मुद्दा!” सरांनी टेबलावर हात मारला. “भक्तीला शुद्ध पाठ लागत नाही. मग तुम्ही एकेक अक्षर देवाचं म्हणून का सांगता?”

“मी कुठे सांगतो? तुला ज्या पाद्र्याशी भांडायचंय तो मी नव्हे.”

दोघंही एकदम थांबले. मग सर सावकाश म्हणाले, “एक मिनिट. पान ११२ काढा बाई.”

मी काढलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाजवळ धरून मोठ्याने वाचलं: “‘नकलाकारांच्या हातून चुका झाल्या हे मी मान्य करत नाही.’” आणि माझ्याकडे पाहिलं. “हे त्याचं वाक्य नाही.”

“छापलंय तर खरं,” मी म्हणाले.

“रात्री घरी वाचताना खटकलं होतं. म्हटलं, म्हातारपणी बदलला असेल. पण आत्ता तो जे बोलला ते याच्या उलट आहे. हे पत्र मला आलेलं आहे, मला त्यातली वाक्यं पाठ आहेत. कॉपी काढा.”

पाळकसाहेबांच्या हस्तलिखिताचा गठ्ठा सोडला. रेघी कागद, निळी शाई, ठसठशीत अक्षर. ते पान समोर आलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. वाक्य असं होतं: ‘नकलाकारांच्या हातून चुका झाल्या हे मी मान्य करतो, त्यांनी त्या लबाडीने केल्या हे मी मान्य करत नाही.’ पहिलं ‘हे मी मान्य’ एका ओळीच्या शेवटी, दुसरं ‘हे मी मान्य’ बरोबर त्याच्याखालच्या ओळीच्या शेवटी. टाइप करणाऱ्याची नजर पहिल्यावरून उठली आणि परत येताना दुसऱ्यावर बसली. मधली अख्खी ओळ गेली. जे उरलं ते निर्दोष मराठी वाक्य होतं आणि त्याचा अर्थ नेमका उलटा होता.

नकलाकारांची ही चूक अभ्यासकांना फार जुनी ओळखीची. याच पुस्तकात पान ५८ वर सरांनी ती समजावून सांगितली आहे. ते पान मी तपासलं होतं, त्यातला एक अनुस्वारही दुरुस्त केला होता.

टाइप करणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. दुसरं प्रूफ कॉपीशी ताडून पाहायचं माझं काम होतं. मी ते नुसतंच वाचलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याशी मी अडखळले नाही, कारण पाळक असंच म्हणणार असं माझ्या मनात आधीच बसलेलं होतं. तीन तास त्या माणसाची पत्रं वाचूनही. याची मला अजून लाज वाटते.

मी दोघांची माफी मागितली. पाळकसाहेब म्हणाले, “अहो ताई, सापडलं ना?” सर मात्र गप्प होते. हे वाक्य तसंच छापलं गेलं असतं तर पान ११३ वरचं त्यांचं उत्तर जिंकल्यासारखं वाटलं असतं. मी तसं बोलूनही गेले. त्यावर ते जवळजवळ चिडलेच. “जिंकून काय करू? तो असं म्हणालाच नाही. मग मी पुढची तीस पानं भांडतोय कुणाशी?”

वातावरण निवळावं म्हणून की काय, त्यांनीच मग १६३१ सालच्या लंडनच्या बायबलाची गोष्ट काढली. दहा आज्ञांतल्या ‘व्यभिचार करू नकोस’ यातला नकारच छपाईत गळला. ‘व्यभिचार कर’ असं छापून बाहेर पडलं आणि मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. पाळकसाहेब मनापासून हसले. मला हसू येईना.

जाण्याआधी दोघं पुन्हा एकदा भिडलेच, पुनरुत्थानावर. सर म्हणाले, “पाठ कितीही शुद्ध करा, मेलेला माणूस उठत नाही. शुद्ध पाठ म्हणजे खरी गोष्ट नव्हे.” पाळकसाहेबांनी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पुढे केलं. पंधराव्या अध्यायात पौल सांगतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठला, अमक्या-अमक्यांना दिसला. हे पत्र वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांतलं, म्हणजे साक्षीदार हयात असतानाचं. सर म्हणाले, पौलाने जिवंत येशू पाहिलाच नव्हता, त्याला झालं ते दर्शन. पाळकसाहेब म्हणाले, ज्या दर्शनापायी ख्रिस्ती लोकांना छळणारा माणूस स्वतः छळ सोसणारा होतो त्याला तू नुसतं दर्शन म्हणशील? सर म्हणाले, हो, म्हणेन. तिथे माझ्या लाल पेनाला काहीच काम नव्हतं. मी ऐकत राहिले. कुणीही मागे हटलं नाही, आणि हटावं असं मलाही वाटलं नाही.

पान ११२ वर मी काकपद, म्हणजे गळलेल्या मजकुराची खूण, घातलं, गळलेली ओळ समासात उभी लिहिली आणि खाली पाळकसाहेबांची सही घेतली. सरांनी न मागता तिच्याखाली आपलीही केली. आजीचं बायबल साडीच्या तुकड्यात परत गेलं. जिन्यावर सरांनी पाळकसाहेबांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांचा गुडघा दुखतो म्हणून.

मी प्रेसला फोन करून प्लेट दुसऱ्या दिवशी करा म्हणून सांगितलं. टाइप करणाऱ्या मुलीला थांबवलं. ती कॉपी मोठ्याने वाचणार आणि मी ओळीखाली पट्टी धरून प्रूफ पाहणार, जुन्या पद्धतीने, पहिल्या पानापासून. स्वल्पविरामसुद्धा ‘स्वल्प’ म्हणून उच्चारायचा, असं तिला शिकवलं. खाली रस्त्यावरची दुकानं बंद व्हायला लागली तेव्हा आम्ही सरांच्या एका पत्रावर होतो. ती म्हणाली, “‘पुरावा तपासून न पाहता नाकारणं हीसुद्धा अंधश्रद्धाच’, पूर्णविराम.” माझ्या कागदावर होतं, ‘तपासून पाहता’. तिला थांब म्हटलं, काकपद घातलं, वर ‘न’ लिहिला आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.