तुळशीबागेतील जप

आज संध्याकाळी तुळशीबागेतील राममंदिरात काही वेळ बसण्याचा योग आला. बाहेर खरेदीची झुंबड उडालेली असताना सभामंडपात एक आजी माळ ओढत, केवळ ओठ हलवीत, ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी मंत्र जपत होत्या. शास्त्रात जपाचे वाचिक (मोठ्याने उच्चारलेला), उपांशू (केवळ ओठ हलवून केलेला) आणि मानस असे तीन प्रकार सांगितले असून मनातल्या मनात चालणारे नाम त्यांत श्रेष्ठ मानले आहे. तरीही वारकऱ्यांनी टाळमृदंगाच्या गजरात सर्वांनी मिळून नाम घेण्याची जी वाट रुळवली आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाने जी घराघरांत पोहोचवली, तिचे मोल मला अधिक वाटते. यज्ञाला सामग्री लागते, तीर्थयात्रेला पैसा आणि पायांत बळ लागते; नामाला मात्र मुहूर्त नाही, सोवळेओवळे नाही, जातीचा अडसर नाही, म्हणूनच जनाबाईंना दळताकांडता आणि सावता महाराजांना मळ्यात राबताना ते घेता आले. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत ‘यज्ञांमध्ये मी जपयज्ञ आहे’ असे सांगतात, ते याच अर्थाने मला पटते. उद्यापासून सकाळी स्वारगेटच्या बसमध्ये मोबाईल पिशवीत ठेवून मी नाम घेणार आहे.