काच पुसून झाली, धुकं तसंच

आईला व्हिडिओ कॉलवर माझ्यापेक्षा माझ्या पाठीमागचं घर जास्त दिसतं. जानेवारीतल्या एका रविवारी गप्पा चालल्या होत्या आणि ती मध्येच म्हणाली, "बाय, ती मागची खिडकी पूस गो आधी. केवढी मळलीय!"

पुसली होती. आदल्याच दिवशी आतून पुसली, मग नवऱ्याला शिडीवर चढवून बाहेरूनही पुसून घेतली. व्हिनेगर झालं, वर्तमानपत्राचा बोळा झाला. काचेच्या मधोमध दुधाळ डाग तसाच, आणि खालच्या कडेला थेंब. बोट फिरवलं की बोटाला कोरडी काच लागायची. हे आईला सांगितलं तर म्हणते, "काचेच्या आत पाणी कसं जाईल? काहीतरीच!"

गोव्यात डिचोलीला वाढलेल्या माणसाला खिडकीची काच म्हणजे एक काच. फुटली तर बाजारातून कापून आणायची, लांबी (पुट्टी) लावून बसवायची, विषय संपला. इथे स्विंडनमध्ये (लंडनहून पश्चिमेला रेल्वेने तासाभराचा रस्ता, आणि बसस्टॉपवर उभं राहिलं तर कोकणी कानावर पडणारच) खिडकीत दोन काचा असतात. दोन्हींच्या मध्ये कडेने एक पोकळ पट्टी फिरवलेली. पट्टीच्या पोटात बारीक दाणे असतात, नव्या चपलांच्या खोक्यात पुडी निघते ना, त्याच कामाचे, ओल शोषून घेणारे. बाहेरून ब्युटाइलचा चिकट काळा थर, त्यावर आणखी एक जाड थर, आणि मधल्या पोकळीत बहुतेक वेळा आर्गॉन वायू. हे सगळं कारखान्यातच बंद होऊन येतं. थंडी घरात शिरू नये म्हणून एवढा खटाटोप.

आता हे बिघडतं कसं? दिवसा ऊन पडलं की मधला वायू फुगतो, रात्री आकसतो. लोहाराचा भाता चालावा तसं हे रोज चालतं. दहापंधरा वर्षांत कडेचा चिकट थर कुठेतरी सुटतो. चौकटीच्या तळाला पाणी वाहून जायची भोकं असतात. ती बुजली असली तर काचेची कड पाण्यातच उभी राहते आणि सील आणखी लवकर जातं. मग प्रत्येक थंड रात्री थोडी दमट हवा आत. दाणे बिचारे काही वर्षं ओल पीत राहतात. त्यांचं पोट भरलं की धुकं दिसायला लागतं, म्हणजे बिघाड खरा बराच आधी झालेला असतो.

इथल्या घरात काच धुरकटली की आधी बोटाने बघायचं. आतल्या बाजूला पुसलं जात असेल तर दोष काचेचा नाही, आपला. हिवाळ्यात खिडक्या बंद, हीटरवर कपडे वाळत टाकलेले, गॅसवर भात उकळतोय. खोलीत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असली तर 12 अंशांच्या खाली गेलेल्या कशावरही दव धरतं, आणि बाहेर दोन अंश असताना जुनी काच तेवढी गार होतेच. पंखा लावा, खिडकी दहा मिनिटं उघडा. पहाटे बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर उलट खूश व्हायचं; घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. बोट दोन्ही बाजूंनी कोरडं राहिलं, तरच खर्च.

आमचं बोट कोरडं राहिलं. खिडक्यांना दहा वर्षांची हमी होती, ती संपलेली. आणि ज्यांनी बसवल्या त्यांनी दुकानच गुंडाळलेलं. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आला. टाय वगैरे घालून. खिडकीकडे त्याने अर्धा मिनिट पाहिलं आणि अख्ख्या घराच्या खिडक्या बदलायचा कागद काढला. म्हटलं, अहो, धुकं एकाच काचेत आहे. तर म्हणे, बाकीच्याही जाणार. हे म्हणजे दाढ दुखते म्हणून गेलो आणि कवळी घेऊन आलो, असं झालं.

शेवटी मार्ग सांगितला तो नवऱ्याच्या गोदामातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने. चौकट धडधाकट असेल तर फक्त दोन काचांचा तो बंद जोड बदलायचा. चौकट तीच, बिजागऱ्या त्याच, कडी तीच. आम्हाला अख्ख्या खिडकीच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यात काम झालं. भोक पाडून धुकं काढून देणारेही असतात. काच दिसायला स्वच्छ होते, पण गेलेला वायू परत येत नाही आणि थंडी अडवायचा गुणही नाही. मी त्या वाटेला गेले नाही.

माप घेण्यात खरी परीक्षा. दिसते तेवढी काच मोजून चालत नाही, कारण तिची कड चौकटीत लपलेली असते. आधी आतल्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढायच्या. सगळ्यांत लांब पट्टी आधी, तीही मधोमध पातं घालून, म्हणजे ती कमानीसारखी वाकून सुटते. हे काम कडाक्याच्या थंडीत करू नये, प्लास्टिक कडकडीत होऊन तुटतं. आम्ही मार्चपर्यंत थांबलो. पट्ट्यांच्या मागे पेन्सिलने आकडे घातले, मग खाचेपासून खाचेपर्यंत मोजलं, रुंदीत आणि उंचीत प्रत्येकी 10 मिलीमीटर वजा केले. जाडी 28 मिलीमीटर: काच चार, पोकळी वीस, काच चार. दाराची काच असती किंवा जमिनीपासून 800 मिलीमीटरच्या आतली असती, तर सुरक्षा काच, म्हणजे बहुधा टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली), लागली असती, इथला नियमच आहे. आणि टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. माप चुकलं तर चुकलंच.

नवा जोड आला, त्यावर कुठली बाजू आत याचं लेबल नाही! आजकाल एका काचेला उष्णता परत फिरवणारा अदृश्य लेप असतो, आणि तो घराकडच्या काचेला, पोकळीच्या अंगाला हवा. काय करायचं? देवापुढचं निरांजन उचललं आणि काचेसमोर धरलं. दोन काचांचे चार पृष्ठभाग, म्हणून चार ज्योती दिसतात. तीन एका रंगाच्या, एक जरा तांबूस. घरातून बघताना ती दुसरी आली पाहिजे. नवऱ्याने फोटो काढून त्या म्हाताऱ्याला पाठवला. काचवाले यासाठी लायटर धरतात म्हणे.

मग खाली प्लास्टिकच्या चकत्या, म्हणजे काच पाण्यात टेकत नाही. तळाची भोकं तारेने मोकळी केली (कोळ्याचं जाळं, शेवाळ आणि एक मेलेली गांधीलमाशी). आखूड पट्ट्या आधी, लांब शेवटी, रबरी हातोडीने ठोकून. एक दुपार गेली. आईला फोन करून दाखवलं. ती म्हणाली, "आता छान दिसतंय. पण दिसतंय काय, तर समोरच्याचं गॅरेज."

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी आलो. डिचोलीतल्या घराच्या मागे दादाने दोन नव्या खोल्या बांधल्यात, आणि मी खिडक्यांची तज्ज्ञ होऊन आलेय ही बातमी आईने वाडाभर आधीच पोचवली होती. चहा हातात यायच्या आत दादा मला झोपायच्या खोलीत घेऊन गेला. "सकाळी उठलो की ही काच अशी. पुसली की जाते, परत येते. बदलून घेऊ काय?"

धुकं बाहेरच्या अंगाला होतं. स्विंडनचा हिवाळा उलटा करून ठेवलेला. तिथे ऊब आत आणि गारठा बाहेर. इथे श्रावण-भाद्रपदात बाहेर 27 अंश, हवा 90 टक्के ओली, म्हणजे 25 अंशांच्या खाली गेलेली प्रत्येक वस्तू घामेजणार. आणि दादाचा एसी रात्रभर 20 वर, झोत थेट खिडकीवर. काचेचा काय दोष? 25 वर ठेव आणि झोत वर वळव, म्हटलं. वहिनी लगेच म्हणाली, "मी हेच सांगत होते, पण माझं कोण ऐकतंय! तू विलायतेहून येऊन सांगितलंस म्हणून." दुसऱ्या दिवशी काच कोरडी. दादा मात्र रात्री घामाघूम.

दुसऱ्या खोलीतलं प्रकरण गंभीर होतं. तिथल्या काचांवर पांढुरकी छटा, पुसून न जाणारी, आतून नाही, बाहेरून नाही. विचारत गेले तेव्हा कळलं, काम रखडलं म्हणून काचा पावसाळाभर पडवीत एकाला एक चिकटवून उभ्या होत्या. दोन काचांच्या फटीत पाणी शिरून अडकलं की ते काचेतला क्षार बाहेर ओढतं, आणि तोच क्षार काचेचा पृष्ठभाग खातो. काचेलाही गंज चढतो म्हणा ना. सिमेंटचे शिंतोडे काचेवर वाळू दिले तरी असंच होतं. सुरुवातीला लक्षात आलं तर सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून घासून जाते. दादाच्या सहापैकी दोन काचा तशा सुटल्या, दोन जरा बऱ्या झाल्या, दोन बदलायच्या. कागद घालून, हवेशीर जागी उभ्या केल्या असत्या तर सहाही वाचल्या असत्या. हे मी त्याला सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं.

"मग तुमच्यासारख्या डबल काचा घालू काय?" हा प्रश्न मला पाच दिवसांत चार घरांत विचारला गेला. हमरस्त्याला लागून घर असेल आणि ट्रकांचा आवाज झोपू देत नसेल, किंवा दिवसरात्र एसी चालत असेल, तर घाला. दादाचं धुकंही त्याने गेलं असतं. पण ज्या घराच्या खिडक्या वर्षातले आठ महिने वाऱ्यासाठी उघड्याच असतात, तिथे बंद काचेवर पैसे कशाला? त्यापेक्षा सरकत्या खिडकीच्या खालच्या खोबणीत बघा. आमच्याकडे तांबडी धूळ आणि रंगाऱ्याने फासलेला रंग मिळून पाणी जायच्या फटी लिंपून टाकतात, आणि मग पहिल्याच मृगाच्या पावसात पाणी पलंगावर. लोक सिलिकॉनच्या नळ्या आणून बाहेरून फासतात, ते त्या फटींवरच! मे महिन्यात जुन्या टूथब्रशाने पंधरा मिनिटं घासलं तर पुरतं.

आता जुन्या माजघराची खिडकी. ती शिंपल्यांची आहे. लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत चौकोनी कापलेल्या शिंपा, एकीवर एक किंचित चढवलेल्या. काच महाग आणि दुर्मीळ होती तेव्हाचं तावदान. पणजीत फोंताइन्हासमध्ये फिरताना अजून दिसतात. तिच्यातून पलीकडचं काही दिसत नाही, फक्त उजेड येतो, तोही पायली पायलीने मोजून दिल्यासारखा, सौम्य. लहानपणी ताप आला की मला तिथेच निजवत. स्विंडनला कामावरच्या एका फिलिपिनो मैत्रिणीला तिचा फोटो दाखवला, तर ती ओरडलीच: तिच्या आजीच्या घरी अशाच खिडक्या! तिकडे या शिंपल्याला कापिझ म्हणतात.

या खिडकीच्या चार शिंपा गळाल्या होत्या आणि खालची पट्टी वाळवीने खाल्ली होती. मेस्त, म्हणजे सुतार, आला. सत्तरीचा असेल. त्याने मापबीप काही घेतलं नाही. पट्टी फोडून काढली, फणसाच्या फळीतून नवी कापली, करवतीने खोबण पाडली. शिंपा नव्या कुठून आणणार? हा शिंपला आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, चिखलीच्या खाडीत तो अजून सापडतो म्हणून जाऊन काढायचा नाही. मेस्ताकडे एक जुना बिस्किटांचा डबा होता, पाडलेल्या घरांतून जमवलेल्या शिंपांचा. त्यातल्या एकेक उन्हात धरून बघत, कात्रीने कडा छाटत त्याने तीन बसवल्या. मी पट्टीचे स्क्रू स्टेनलेसचे आणून दिले, त्याने ते बाजूला ठेवून बांबूच्या खुंट्या मारल्या.

"मेस्तानू, किती वर्षं टिकेल?" मी विचारलं.

"ही खिडकी तुझ्या पणजोबाला विचार," तो म्हणाला.

चौथी शिंप मात्र मिळाली नाही. डब्यातल्या उरलेल्या सगळ्या तडकलेल्या. तोंडावर चवथ, गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायची, घरात माणसं येणार, भोक तसंच ठेवून चालेना. तेव्हा दादाच्या बाद झालेल्या काचेतला स्वच्छ कोपरा मेस्ताने हिऱ्याने कापला आणि त्या चौकोनात सरकवला. रंग जुळत नाही, दुरून लगेच डोळ्यांत येतो. पुढच्या वेळी शिंप मिळाली की बदलू, असं ठरलं.

काल आईचा फोन आला तेव्हा मेस्ताकडे शिंप मिळाल्याचं कळलं. पण आईच नको म्हणते. त्या चौकोनाला डोळा लावला की फाटकापाशी कोण आलंय ते तिला माजघरात बसून दिसतं.