कार्बन नाही, कोळसा विचारा: माझा अनुभव

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आमच्या शाळेच्या गच्चीवरून दिसतात. दहावीला कार्बनी संयुगं शिकवत असताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिथल्या जुन्या संचातून कार्बन डायऑक्साइड किती निघतो?" वीज तयार करणारा २१० मेगावॅटचा तो संच १९८२ सालचा. मला आकडा सांगता आला नाही. ते मनाला लागलं आणि मी माहिती अधिकारात अर्ज केला.

अर्ज करणं सोपं आहे. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा नमुना भरायचा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची.

अडलं ते त्यानंतर. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. २९व्या दिवशी दोन ओळींचं पत्र आलं: "मागणी केलेली माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही. प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही." मी लिहिलं होतं, 'किती कार्बन डायऑक्साइड निघतो व जुना संच अजून का चालवला जातो?' त्यातला तो 'का' मला महागात पडला. कागदावर असेल तेच या कायद्यानं मिळतं, कारणं मिळत नाहीत.

मी प्रत्यक्ष गेले. एका टेबलावर म्हणाले, आवकला विचारा. आवकवाले म्हणाले, साहेबांना विचारा आणि साहेब मीटिंगला जळगावला. मग प्रथम अपील केलं. जोडपत्र 'ब', २० रुपयांचं तिकीट. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ते करावं लागतं, ही मुदत चुकवू नका. सुनावणीची तारीख मिळाली, मी रजा टाकून गेले, तर अपिलीय अधिकारीच रजेवर. कुणी फोनसुद्धा केला नव्हता. दुसऱ्या तारखेला मी पुन्हा रजा टाकली. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, "ताई, चिमणीतल्या धुळीला, नायट्रोजनच्या ऑक्साइडांना मर्यादा आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५च्या अधिसूचनेत कार्बन डायऑक्साइडला मर्यादाच नाही. तुम्ही कोळसा मागा."

पाच मिनिटांत काम झालं. हेच वाक्य पहिल्या पत्रात लिहिलं असतं तर माझे अडीच महिने वाचले असते. तो राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या अर्जात तीनच गोष्टी मागितल्या: महिनावार जळलेला कोळसा, त्याचं सरासरी उष्मांक मूल्य (किलोभर कोळशातून किती उष्णता मिळते ते) आणि तयार झालेली वीज. दर पानाला २ रुपये भरून कागद हातात आले, तेव्हा बसस्टँडवरच उघडून वाचत बसले.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातल्या केंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडचे आकडे संचनिहाय प्रसिद्ध करतं, तेही फुकट. अर्ज करण्याआधी ते बघा. मग कोळशाच्या कागदांवरून ताळा करता येतो. आणखी एक, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढंच निमित्त होतं.

हिशेब मुलांनीच केला. भुसावळच्या पोरांना वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, हे सांगावं लागत नाही. एका वाघिणीत साधारण ६० टन कोळसा धरला आणि त्यात ४० टक्के कार्बन, म्हणजे २४ टन. १२ भाग कार्बनपासून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका वाघिणीमागे ८८ टन. "मॅडम, आणलं ६० टन आणि निघालं ८८?" वर्गात गोंधळ झाला. वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं, हे पुस्तकातून शिकवताना इतकं कधीच पोचलं नव्हतं. जुन्या संचात वाफेचा दाब आणि तापमान कमी असतं, म्हणून तेवढ्याच विजेला कोळसा जास्त लागतो, हेही मग आपोआप निघालं.

आता तिथल्याच ६६० मेगावॅटच्या नव्या संचासाठी अर्ज लिहिलाय, त्याच मुलीच्या अक्षरात. त्यात 'किती' तीनदा आहे, 'का' एकदाही नाही.