मेयो क्लिनिकच्या मागच्या सिस्टर्स

पुतणी इथं कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला एमबीबीएस करतीय, सर्जरीच्या पोस्टिंगला तिला बेंबीपाशी लागणाऱ्या कडक गाठीबद्दल शिकवलं, सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल, म्हणजे पोटातला कॅन्सर पसरल्याची खूण. ही सिस्टर कोण म्हणून मी शोधत गेलो आणि थेट मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या नावाजलेल्या हॉस्पिटलपर्यंत पोचलो.

अमेरिकेत मिनेसोटात रोचेस्टर म्हणून छोटं गाव. २१ ऑगस्ट १८८३ ला तिथं भयानक चक्रीवादळ आलं, घरं उडाली, माणसं मेली, आणि जखमींना ठेवायला गावात एक हॉस्पिटल नाही! शेवटी मदतीला आल्या सेंट फ्रान्सिसच्या सिस्टर्स, ज्या खरं तर शाळेत शिकवायच्या. त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड मोस नंतर डॉक्टर विल्यम वॉरल मेयोंकडं गेल्या, म्हणाल्या हॉस्पिटल आम्ही बांधतो, तुम्ही सांभाळा. डॉक्टर नाही म्हणाले, गाव लहान, खर्च मोठा, आणि तेव्हा लोकांना वाटायचं हॉस्पिटलात माणूस मरायलाच जातो. पण मदर मागं हटल्या नाहीत, सिस्टर्सनी काही वर्षं काटकसर करून पैसा उभा केला आणि ३० सप्टेंबर १८८९ ला २७ खाटांचं सेंट मेरीज हॉस्पिटल सुरू झालं, मेयो क्लिनिक पुढं वाढलं ते याच्याच आधारानं. मेयो कुटुंब कॅथलिक नव्हतं, पेशंट कुठल्याही धर्माचा चालायचा. मला हे फार मोठं वाटतं.

आपल्याकडं पाचच वर्षांनी, १८९४ ला, डॉक्टर वानलेस साहेबांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, पंथ वेगळा, प्रेस्बिटेरियन, पण कोल्हापूरची किती माणसं "मिरजेला मिशनात" जाऊन बरी होऊन आलीत ते घराघरात विचारा.

तर गाठीच्या नावातली ती सिस्टर म्हणजे या सेंट मेरीजच्याच मेरी जोसेफ डेम्प्सी. १८९० पासून १९१५ पर्यंत विल्यम वॉरल मेयोंचे मुलगे डॉक्टर विल मेयो यांच्या ऑपरेशनमधल्या पहिल्या असिस्टंट, आणि १८९२ पासून १९३९ ला वारल्या तोपर्यंत हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडंट. ऑपरेशनआधी पेशंटचं पोट स्वच्छ करताना ती गाठ त्यांच्याच हाताला लागायची, त्यांनीच डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं. गाठीला त्यांचं नाव मात्र १९४९ ला हॅमिल्टन बेली नावाच्या इंग्लंडच्या सर्जननं दिलं, तेव्हा त्यांना जाऊन दहा वर्षं झालेली.

सुरुवातीला या सिस्टर्सना नर्सिंग येतच नव्हतं, एडिथ ग्रॅहम नावाच्या प्रशिक्षित नर्सनं शिकवलं, आणि १९०६ ला सेंट मेरीजनं स्वतःचं नर्सिंग स्कूल काढलं.