लिंडिस्फार्नचा दुसरा दिवस

बसमध्ये 33 डोकी भरली. हवी होती 34. घड्याळात 1:50, आणि 2:35 नंतर रस्ता पाण्याखाली.

गेली 11 वर्षं मी मराठी प्रवाशांना घेऊन ब्रिटन-युरोप फिरते. लिंडिस्फार्न हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं बेट, पण रोज दोनदाच बेट होणारं. भरती आली की किनाऱ्याला जोडणारा रस्ता बुडतो, ओहोटीला पुन्हा उघडा पडतो. तिथलं कौन्सिल सुरक्षित वेळांचं कोष्टक छापतं. तरी आमचं ऑफिस हे ठिकाण यॉर्क आणि एडिंबरा यांच्यामध्ये वाटेल त्या तारखेला बसवून मोकळं होतं. भरती दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे सहल आखणाऱ्यांच्या गळी उतरवायला मला दोन वर्षं लागली. माझे आजोबा रत्नागिरीचे. तिथीची पाऊणपट करून ते भरतीची वेळ सांगायचे. लिंडिस्फार्नला तास वेगळे, पण सरकणं तेच. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर एक लाकडी खोली आहे, पाण्यात अडकलेल्यांनी चढून बसायला. माझ्या एकाही प्रवाशाला आजवर त्या खोलीची पायरी चढावी लागलेली नाही आणि याचा मला अभिमान आहे.

त्या दिवशी डरहॅमलाच उशीर झाला होता. बेटावर अडकलो असतो तर ड्रायव्हरचे दिवसाचे तास संपले असते. बसमधलं टॅकोग्राफ यंत्र ड्रायव्हरच्या मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं, तिथे विनवण्या चालत नाहीत.

कोण नाही ते लगेच कळलं. गुरुजी. किल्लारीजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच आलेले. मी पळत मठाच्या संग्रहालयात गेले.

तिथे पोचेपर्यंत माझं नेहमीचं निवेदन सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. 635 साली नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा ऑस्वाल्ड याने स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरून एडन नावाच्या साधूला बोलावलं आणि मठासाठी हे बेट दिलं. एडनला इंग्रजांची बोली नीट येत नव्हती, म्हणून तो उपदेश करी आणि खुद्द राजा भाषांतर करून सांगे. मग याच मठाचा बिशप संत कथबर्ट, त्याचा 687 मधला मृत्यू, त्याच्या स्मरणार्थ पुढचा बिशप एडफ्रिथ याने वासराच्या कातड्यावर लिहिलेली, रंगवलेली शुभवर्तमानांची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांची पोथी. आणि 8 जून 793, समुद्रातून आलेले व्हायकिंग, लूट, कत्तल. इथे मी थांबते. लोक सुस्कारा सोडतात आणि लाल दगडांच्या कमानीपाशी फोटो काढायला जातात. ती कमान व्हायकिंगांनी पाडली असं इतर गटांचे वाटाडे बिनदिक्कत सांगतात, ते ऐकून माझा जीव खालीवर होतो. ते दगड बाराव्या शतकात नव्याने बांधलेल्या मठाचे आहेत. 1537 साली आठव्या हेन्रीच्या राज्यात तो मठ बंद झाला, त्यानंतरची ती पडझड.

गुरुजी एका काचेपुढे उभे होते. आत नवव्या शतकातला, वरून गोलसर असा थडग्याचा दगड. एका बाजूला ओळीने सात माणसं, हातात उगारलेल्या तलवारी आणि कुऱ्हाडी. दुसऱ्या बाजूला क्रूस, प्रार्थना करणारी माणसं, आणि वर सूर्य, चंद्र.

"ताई, हे आपल्या वीरगळावानी आहे बघा," ते म्हणाले. "चंद्र-सूर्य बी तसेच."

"गुरुजी, बस थांबलीय. पाणी येईल."

ते लगेच निघाले, पण चालता चालता म्हणाले, "तुम्ही हल्ल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काय केलं असंल त्या लोकांनी?"

2:12 ला आम्ही रस्त्यावर होतो. दोन्ही बाजूंच्या वाळूत पाण्याच्या जिभा शिरत होत्या. मी गुरुजींच्या शेजारच्या सीटवर बसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते स्वतःच बोलू लागले. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. पहाटे भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या ढिगाऱ्यातून हजेरीपट उपसून काढला आणि एकेका नावापुढे खूण करत वस्तीभर फिरले. "कोण हाय, कोण नाही, एवढंच. दुसरं काय सुचंना." मग म्हणाले, "793 आन् 1993. बराबर बाराशे वर्षं."

मग मला आल्क्विनचं पत्र आठवलं. हा यॉर्कचा विद्वान युरोपातला बलाढ्य राजा शार्लमेन याच्या पदरी होता. हल्ल्यानंतर त्याने लिंडिस्फार्नचा बिशप हिगबाल्ड याला पत्र पाठवलं. त्यात दारू, भपकेबाज कपडे, पापं यांवरून कानउघाडणीच फार. घर लुटलं गेलेल्या माणसाला कुणी असं लिहावं, हे मला कधीच रुचलेलं नाही. पण शेवटी तो लिहितो की पळवून नेलेल्या मुलांसाठी काही करता आलं तर शार्लमेन राजाकडे शब्द टाकीन. मुलं पळवली होती, हे मी 11 वर्षांत एकाही गटाला सांगितलेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी गाळत आले होते. मठ 793 ला संपला नाही. साधूंनी बेट सोडलं ते 875 मध्ये, म्हणजे 82 वर्षांनी. जाताना कथबर्टची शवपेटी, तिच्यातच ऑस्वाल्ड राजाचं शिर, आणि ती पोथी सोबत नेली. वर्षानुवर्षं गावोगाव फिरून 883 मध्ये चेस्टर-ली-स्ट्रीटला, अखेर 995 मध्ये डरहॅमला पोचले. गुरुजी म्हणाले, "आपला विठोबा बी असाच लपवून हलवलेला." चेस्टर-ली-स्ट्रीटला आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने त्या पोथीतल्या लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत जुन्या इंग्रजीत शब्दाशब्दाचा अर्थ बारीक अक्षरात भरला. आपल्याकडे घरोघरी सार्थ ज्ञानेश्वरी असते, तशी ही सार्थ पोथी.

रात्री एडिंबराच्या हॉटेलात मला झोप येईना. नॉर्थम्ब्रियातल्या साधूंनी नवव्या शतकात नावांचं एक पुस्तक केलं होतं, डरहॅमची 'लिबर व्हिटे', जीवनाचं पुस्तक. राजे, राण्या, मठाधिपती, साधे साधू, अशी तीन हजारांवर नावं, सोन्याच्या आणि चांदीच्या शाईने. प्रार्थनेत त्यांचं स्मरण राहावं म्हणून ते वेदीवर ठेवत. हे मी पूर्वी वाचलेलं होतं, पण 'नुसती नावं आहेत' म्हणून निवेदनात कधी घेतलं नव्हतं.

सकाळी नाश्त्याला गुरुजींना ते सगळं सांगितलं. उपम्याच्या पाकिटात गरम पाणी ओतता ओतता त्यांचा हात थांबला.

"त्या पळवलेल्या पोरांची नावं हायेत का त्यात?"

आल्क्विनच्या पत्रात एकाही मुलाचं नाव नाही. किती होती, तेही नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पाकीट बंद केलं, आणि आम्ही दोघं सामान मोजायला खाली गेलो.